हेन्री शेफ्लिन: दहा पदकांचा राजा, की मॅनेजर ब्रायन कोडीच्या मशीनमधला एक पार्ट?

लिफीकाठचा
मंडळी, क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर धागा काढतोय, सांभाळून घ्या.

डब्लिनला येऊन सहा वर्षं झाली. घर ड्रमकाँड्रात, क्रोक पार्क चालत दहा मिनिटांवर. सुरुवातीला मॅचच्या दिवशी मी नुसता वैतागायचो, गाडी बाहेर काढता येत नाही, रस्ताभर जर्सीवाले आणि प्रत्येकाच्या पोराच्या हातात लाकडी पळीसारखं काहीतरी. मग शेजारच्या आजोबांनी (मूळ किलकेनी काउंटीचे, काउंटी म्हणजे आपला जिल्हा, वय सत्तरीच्या पुढे) एका रविवारी घरात बोलावून टीव्हीपुढे बसवलं आणि हर्लिंग दाखवलं. तेव्हापासून मी गेलेली केस आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका बाजूला १५ जण, मोठ्या मॅचेस ७० मिनिटांच्या, मैदान फुटबॉलपेक्षा चांगलंच लांब. हातात अ‍ॅश लाकडाची काठी, तिचं टोक पसरट, तिला हर्ली म्हणतात. बॉलला स्लिटर. तो हातात घेऊन चार पावलंच टाकता येतात, पण काठीच्या टोकावर तोलत हवं तेवढं पळता येतं, आणि हे सगळं दोन जण तुमच्या बरगडीत खांदा घालत असताना. गोलपोस्ट इंग्रजी एचसारखा. आडव्या दांडीखालून बॉल गेला तर गोल, म्हणजे ३ गुण, वरून गेला तर १. स्कोअर २-१७ असा लिहितात, त्याचे झाले २३.

आता मुद्दा. आजोबांच्या घरी देव्हारा असता तर त्यात हेन्री शेफ्लिनचा फोटो असता. जन्म १९७९, गाव बॅलीहेल, घरचा पब. किलकेनीच्या सीनियर टीममध्ये १९९९ ला आला, २०१५ ला थांबला. मधल्या काळात ऑल-आयर्लंडची, म्हणजे काउंट्यांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेची, दहा पदकं (२०००, २००२, २००३, २००६ ते २००९ सलग चार, २०११, २०१२, २०१४), ११ वेळा ऑल स्टार (म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम पंधरांत), तीनदा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. लोक 'किंग हेन्री' म्हणतात. आणि हा राजा सोमवारी सकाळी बँकेत कामाला जायचा, कारण या खेळात पगारच नाही! ८२ हजारांचं स्टेडियम भरतं आणि खेळणारे सगळे हौशी. मास्तर, शेतकरी, गवंडी.

आमचा वाद असा की त्याच्या करिअरमधला सगळ्यात मोठा क्षण कोणता. मी म्हणतो २०१२ ची फायनल. आजोबा म्हणतात २०१० ची. तीत तो जेमतेम तेरा मिनिटं खेळला आणि किलकेनी हरली! मला कळतच नाही त्यांचं म्हणणं. तुमची मतं सांगा.

गिल्लीमास्तर
वा, वेगळाच विषय. माजी पंतप्रधान लिओ वराडकरांच्या पलीकडे आयर्लंडबद्दल आमची पाटी कोरी होती, आणि तेही आमच्या मालवणकडच्या वराडचे म्हणून माहीत.

व्हिडिओ बघितला. पहिली प्रतिक्रिया, हे म्हणजे विटीदांडू, हॉकी आणि तालमीतली मारामारी एकत्र. अंगणात विटी उडवून तिच्यावर टोला मारताना आमच्या गावात अर्ध्या पोरांची कपाळं फुटलेली, इथे तर ३० जण एकाच विटीच्या मागे. हेल्मेट सक्तीचं आहे ना?

लिफीकाठचा
हो मास्तर, २०१० पासून सक्तीचं. त्याआधी बरेच जण उघड्या डोक्यानेच खेळायचे.

खडूस_पुणेकर
दहा पदकं म्हणजे काय ते आधी समजून घ्या. किलकेनीसारख्या काउंटीत पोरगं जन्मलं की हातात काठी देतात, फुटबॉलकडे तिथे कोणी ढुंकून बघत नाही, वर ब्रायन कोडीसारखा मॅनेजर १९९८ पासून २०२२ पर्यंत एकाच खुर्चीत. त्या टीममध्ये टॉमी वॉल्श, जेजे डेलनी, एडी ब्रेनन, नंतर टीजे रीड. या लोकांत मला उभं केलं असतं तर दोन पदकं मलाही मिळाली असती. एडी ब्रेननचीही आठ आहेत, त्याला कोणी राजा म्हणत नाही.

बाकी धागा चांगला आहे.

स्वाती_कॉर्क
खडूस भाऊ, मी कॉर्कला राहते, म्हणजे किलकेनीवाल्यांचं कौतुक करणं आमच्याकडे पाप आहे. आमचा देव क्रिस्टी रिंग. आठ पदकं त्याची, टिपरेरीच्या जॉन डॉयलचीही आठ, आणि मैदानावर खेळून तो आकडा कितीतरी दशकं कुणाला ओलांडता आला नव्हता. तरीही सांगते, टीम चांगली होती म्हणून पदकं मिळाली हे अर्धंच खरं. १९९९ ला याच शेफ्लिनच्या पहिल्या फायनलमध्ये आमच्या पोरांनी किलकेनीला एका गुणाने हरवलं, ०-१३ विरुद्ध ०-१२. २००४ ला पुन्हा हरवलं, ०-१७ विरुद्ध ०-९. २००६ ला आम्ही सलग तिसऱ्यांदा जिंकायला गेलो होतो तिथे यांनी १-१६ विरुद्ध १-१३ ने पाय ओढला. त्या दिवसाचं नाव अजून आमच्या गल्लीत काढत नाहीत. तर मशीन वगैरे सुरुवातीपासून नव्हतं, ते बनत गेलं, आणि बनवणाऱ्यांत हा एक होता.

आकडेमोड
आकडे घ्या. चॅम्पियनशिपचे ७१ सामने, २७-४८४. म्हणजे २७ गोलांचे ८१ आणि वर ४८४, एकूण ५६५ गुण. सामन्याला जवळजवळ ८. त्याच्या आधी विक्रम होता किलकेनीच्याच एडी केहरचा, ३५-३३६, म्हणजे ४४१. शेफ्लिनचा विक्रम २०२१ मध्ये गॉलवेच्या जो कॅनिंगने मोडला आणि नंतर पॅट्रिक होरगन, टीजे रीड हेही पुढे गेले. म्हणजे गुणांच्या यादीत शेफ्लिन आता पहिला नाही.

आता गंमत बघा. होरगन कॉर्कचा. गुणांचा डोंगर, ऑल-आयर्लंड पदकं शून्य. २०१३, २०२१, २०२४, २०२५, चार फायनल हरला. तर खडूस भाऊंचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही, पदक ही टीमची गोष्ट आहे.

स्वाती_कॉर्क
होरगनचं नाव काढून सकाळ खराब केलीत. :(

खडूस_पुणेकर
अनुमोदन, आकडेमोड. शिवाय त्या ५६५ मधले किती फ्रीवर आले? आपल्याकडे फक्त पेनल्टी मारून गोल वाढवणाऱ्याला काय म्हणतात ते सर्वांना ठाऊक आहे.

लिफीकाठचा
खडूस भाऊ, फ्री म्हणजे फुटबॉलची फ्री किक नव्हे हो. बॉल गवतात पडलेला असतो. हात लावायचा नाही. वाकून काठीच्या टोकाने तो वर उचलायचा आणि हवेत असतानाच मारायचा, साठ-सत्तर मीटरवरून, वारा आडवा, पाऊस बारीक चालूच (इथे पाऊस नाही असा दिवस दाखवा आणि माझ्याकडून चहा घ्या), मागून हजारो लोक शिट्ट्या मारतायत. मी बागेत करून बघितलंय. दहात चार वेळा बॉल उचललाच जात नाही, उरलेल्या सहात शेजारच्या कुंपणात जातो. आजोबा खुर्ची टाकून बघत बसतात, काही बोलत नाहीत, तेच जास्त लागतं.

आणि त्याच्या खेळाचा फ्री हा निम्माच भाग. अंगाने दणकट, लालसर केस, सेंटर फॉरवर्डला उभा, उंच बॉलखाली घुसणार, स्वतःला मारता नाही आला तर दुसऱ्याला काढून देणार, बॉल गेला तर त्याच्या मागे परत धावत जाऊन समोरच्याची काठी अडवणार. कोडीच्या टीममध्ये फॉरवर्डनेही बचाव करायचा हा नियमच, आणि राजाला त्यातून सूट नव्हती.

नुसताच_वाचक
वाचतोय. तो बँकेत काम करायचा हे वाचून थबकलो. म्हणजे दुखापत झाली तर रजा टाकायची का?

गिल्लीमास्तर
हाच प्रश्न मलाही. आणि दुसऱ्या काउंटीत जास्त पैसे मिळतात म्हणून जाता येत नाही का, आयपीएलसारखं?

लिफीकाठचा
पैसेच नाहीत तर लिलाव कशाचा करणार मास्तर :) प्रवासखर्च वगैरे मिळतो, पण खेळायचे म्हणून पगार नाही. ज्या गावात वाढलात त्या क्लबकडून खेळायचं, क्लबातून चमकलात तर काउंटीकडून. शेफ्लिन बॅलीहेल शॅमरॉक्सचा. छोटंसं गाव, पण क्लब असा की ऑल-आयर्लंड क्लब स्पर्धा त्याने खेळाडू म्हणून २००७, २०१० आणि २०१५ ला जिंकली. टीजे रीडही याच क्लबचा! २०१५ ची फायनल १७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला, क्रोक पार्कवर झाली, ती जिंकून आठच दिवसांनी त्याने काउंटीतून निवृत्ती जाहीर केली.

अजून एक गंमत. किलकेनीत जो क्लब काउंटीची क्लब स्पर्धा जिंकतो तो पुढच्या वर्षीचा काउंटीचा कॅप्टन ठरवतो. बॅलीहेल २००६ ला जिंकली म्हणून २००७ ला शेफ्लिन कॅप्टन. त्या उन्हाळ्यात टीमचा गोलकीपर जेम्स मॅकगॅरी याची बायको अपघातात गेली. फायनल लिमरिकशी होती, २-१९ विरुद्ध १-१५ ने जिंकले. शेफ्लिनने सुरुवातीलाच गोल मारला, पण पहिल्या हाफमध्येच गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि दुसऱ्या हाफला तो नव्हता. कप घ्यायला पायऱ्या चढला तेव्हा मॅकगॅरीच्या लहान मुलाला बरोबर घेऊन गेला आणि दोघांनी मिळून कप उचलला. तो व्हिडिओ एकट्याने बघा, ऑफिसात बघू नका.

डॉ_गुडघा
सहसा इथे फक्त वाचते, पण लिगामेंटचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी फिजिओ आहे, नाशिकला.

क्रूशिएट लिगामेंट हा गुडघ्याच्या आतला दोर समजा. माणूस सरळ पळत असताना त्याची एवढी गरज भासत नाही, पण पाय रोवून अंग वळवलं की सगळा भार त्यावर. हर्लिंगमध्ये तर दर दोन सेकंदांनी वळणं आहे. तुटला की ऑपरेशन, मग साधारण आठ-नऊ महिने. २००७ चा सप्टेंबर ते २००८ चा उन्हाळा, ते जमलं आणि २००८ ची फायनल (वॉटरफर्डला ३-३० विरुद्ध १-१३, चेष्टाच!) तो खेळला.

पण २०१० चं मी वाचलं आणि डोक्याला हात लावला. ऑगस्टमध्ये कॉर्कविरुद्ध सेमीफायनलला पुन्हा क्रूशिएट गेला, आणि फायनल ५ सप्टेंबरला. चार आठवडे! चार आठवड्यांत तुटलेला दोर जुळत नाही. फक्त मांडीचे पुढचे-मागचे स्नायू इतके तयार करायचे की त्यांनी गुडघा धरून ठेवावा. सरळ पळून दाखवता येतं, जिममध्ये सगळ्या टेस्ट पास होतात, पेशंटला वाटतं झालो बरा. समोर माणूस आला, अंदाज नसताना वळावं लागलं, की संपलं. माझ्याकडे असा खेळाडू आला असता तर मी हात जोडून परत पाठवला असता.

खडूस_पुणेकर
घ्या! म्हणजे आजोबांचा आवडता क्षण हा वैद्यकीय मूर्खपणा आहे. पाचवं विजेतेपद सलग मिळवायचं होतं, त्यासाठी अनफिट माणूस उतरवला, तेराव्या मिनिटाला बाहेर, एक बदली वाया, आणि टिपरेरीच्या लार कॉर्बेटने तीन गोल मारून ४-१७ विरुद्ध १-१८ ने धुतलं. याला मी स्वार्थ म्हणतो. खरा मोठा खेळाडू म्हणाला असता, मी बसतो, पोराला खेळवा.

आकडेमोड
८ गुणांनी हरले, त्यामुळे एका बदलीवर सगळं ढकलता येणार नाही. आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही. त्याच दिवशी किलकेनीचा जॉन टेनिसनही क्रूशिएट गेलेला असतानाच उतरला होता आणि तो शेवटपर्यंत खेळला. म्हणजे हे अशक्य नव्हतं, जुगार होता. एकाचं दान पडलं, एकाचं नाही.

डॉ_गुडघा
टेनिसनचं माहीत नव्हतं. तो बचावात होता ना? तिथे थोडंफार आपल्या जागेवरून खेळता येतं. फॉरवर्डला तसं नाही. तरी माझं मत बदलत नाही, दोघांनाही बसवायला हवं होतं.

स्वाती_कॉर्क
डॉक्टर ताई, तुमचं शास्त्र बरोबर, पण बसवणार कोण? फायनलच्या आधी किलकेनीच्या नोलन पार्कला ट्रेनिंग बघायला हजारो लोक गेले होते. ट्रेनिंग! मॅच नाही. याचा गुडघा चालतोय का एवढं बघायला. माझ्या सासरचे (कट्टर कॉर्क) सुद्धा त्या महिन्यात दुसरं काही बोलत नव्हते. आपल्याकडे कसं, सचिनचं कोपर दुखत होतं तेव्हा आख्ख्या देशाला कोपराची रचना पाठ झाली होती. अशा वेळी तो स्वतः म्हणतोय मी तयार आहे, तर कोडी काय सांगणार?

खडूस भाऊ, याला स्वार्थ म्हणणं सोपं आहे. बाकी काही नाही.

खडूस_पुणेकर
सोपं आहे म्हणून चूक नसतं ताई.

लिफीकाठचा
आता माझ्या २०१२ बद्दल, कारण त्यावर कोणी बोललंच नाही.

वय ३३. खांद्याचं ऑपरेशन होऊन आलेला. लेन्स्टर फायनलला (ही प्रांताची स्पर्धा) गॉलवेने यांना २-२१ विरुद्ध २-११ ने लोळवलेलं. ऑल-आयर्लंड फायनललाही तीच गॉलवे समोर, जो कॅनिंगने सुरुवातीलाच एकट्याने घुसून गोल केलेला, किलकेनी मागे. मग दुसऱ्या हाफमध्ये हा गडी मधे येऊन उभा राहिला आणि सगळं स्वतःकडे घेतलं, बॉल पकडतोय, मारतोय, फ्री घेतोय, ओरडतोय. शेवटची काही मिनिटं उरलेली, स्कोअर बरोबरीत, आणि किलकेनीला पेनल्टी. गोल झाला तर मॅच संपल्यात जमा. स्टेडियम उभं. आणि त्याने काय केलं? शांतपणे दांडीवरून मारून एक गुण घेतला!

कॅनिंगने मग अगदी शेवटी फ्रीवर बरोबरी केली. ०-१९ विरुद्ध २-१३. मॅच पुन्हा खेळवली, तीत किलकेनीने ३-२२ विरुद्ध ३-११ ने उडवलं, आणि शेफ्लिन मैदानावर खेळून नऊ पदकं मिळवणारा पहिला माणूस झाला. रिंग आणि डॉयलच्या पुढे.

आकडेमोड
'मैदानावर खेळून' हे शब्द महत्त्वाचे. किलकेनीचाच गोलकीपर नोएल स्केहन, त्याची नऊ होती, पण त्यातली काही बेंचवर बसून. आता खडूस भाऊ विचारणार की २०१४ चं दहावं कसं, तर तेव्हाही शेफ्लिन बदली म्हणून उतरला, टिपरेरीविरुद्धच्या दुसऱ्या मॅचला शेवटी शेवटी. २-१७ विरुद्ध २-१४. पहिली मॅच बरोबरीत होती कारण टिपरेरीच्या जॉन ओड्वायरचा शेवटचा लांबचा फ्री हॉक-आयने किंचित बाहेर दाखवला. बोटभर इकडे असता तर शेफ्लिन नऊवरच थांबला असता.

खडूस_पुणेकर
ते विचारणारच होतो. पण माझा आक्षेप पेनल्टीवर आहे. राजा म्हणवता आणि पेनल्टीला एक गुण घेता? घाबरला, दुसरं काय. गोल मारला असता तर दुसरी मॅच लागलीच नसती.

लिफीकाठचा
तेव्हाच्या नियमात पेनल्टीला गोललाइनवर तीन जण उभे असायचे खडूस भाऊ. तीन! दार जेमतेम साडेसहा मीटरचं, त्यात तीन धिप्पाड माणसं तीन काठ्या घेऊन. एकास एक हा नियम २०१५ ला आला. आणि २००९ च्या फायनलला टिपरेरीविरुद्ध शेवटच्या दहा मिनिटांत पेनल्टी मिळाली (ती द्यायला हवी होती का यावर टिपरेरीवाले अजून भांडतात) तेव्हा यानेच ती गोलात मारलेली. म्हणजे मारता येत नव्हती असं नाही. त्या दिवशी त्याने हिशोब केला.

गिल्लीमास्तर
हा हिशोबाचा मुद्दा मला पटला. मोठा खेळाडू तोच ज्याला कळतं की टाळी कधी सोडून द्यायची.

मग पोरांनो, २०१० ला हाच हिशोब कुठे गेला होता?

डॉ_गुडघा
मास्तर, प्रश्न छान विचारलात.

नुसताच_वाचक
रिटायर झाल्यावर काय केलं त्याने?

लिफीकाठचा
आधी स्वतःच्या क्लबाचा मॅनेजर झाला, २०१९ आणि २०२० लागोपाठ ऑल-आयर्लंड. मग २०२१ च्या शेवटी सगळ्यांना धक्का देत गॉलवेचा मॅनेजर! म्हणजे ज्या कोडीने घडवलं त्याच्याविरुद्ध. २०२२ मध्ये सॉल्टहिलच्या मैदानावर गॉलवेने किलकेनीला एका गुणाने हरवलं आणि शेवटी दोघांनी जे शेकहँड केलं ते टीव्हीवर आठवडाभर फिरत होतं, बर्फाच्या लादीला हात लावल्यासारखं. लेन्स्टर फायनलला मात्र कोडीने परतफेड केली. पुढच्या वर्षी तर लेन्स्टर फायनल खिशात होती, शेवटच्या क्षणी किलकेनीच्या किलियन बकलीने गोल मारला, ४-२१ विरुद्ध २-२६, एका गुणाने गेली. २०२४ ला त्याने गॉलवे सोडलं. मॅनेजर म्हणून काउंटीत काही हाती लागलं नाही.

खडूस_पुणेकर
म्हणजे टीम चांगली असली की जिंकतो, नसली की नाही. मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो?

स्वाती_कॉर्क
भाऊ, तुमची चिकाटी बघून वाटतं तुम्हाला किलकेनीच्या बचावात घेतील.

लिफीकाठचा
अपडेट. काल संध्याकाळी आजोबांकडे गेलो आणि मास्तरांचा प्रश्न तसाच्या तसा विचारला, २०१२ ला हिशोब करणारा माणूस २०१० ला कुठे होता. आजोबा आधी चहा पीत बसले. मग म्हणाले की तू २०१३ ची नोलन पार्कची मॅच बघितलीस का. पायाला फ्रॅक्चर होऊन तो बसलेला, करिअरमध्ये पहिल्यांदाच चॅम्पियनशिपची मॅच चुकलेली, किलकेनी त्या वर्षी डळमळीत आणि समोर टिपरेरी, हरलं की घरी. शेवटची काही मिनिटं तो आत आला. आजोबा स्वतः तिथे होते. म्हणाले, लोक स्कोअरसाठी ओरडत नव्हते, तो नुसता हेल्मेट लावत होता तेव्हाच अख्खं मैदान उठलं होतं. किलकेनी ०-२० विरुद्ध ०-१७ ने जिंकली.

त्यांचं म्हणणं, ते ओरडणं २०१० चं होतं. तेव्हा तो तेरा मिनिटांत लंगडत बाहेर गेला, तेव्हा कुणाला आवाजच फुटला नव्हता, तो तीन वर्षांनी फुटला.

मी म्हटलं पण मॅच तर हरलात. तर म्हणाले, हो, हरलो ना. आणि टीव्ही लावला.

डॉ_गुडघा
तरीही मी त्याला उतरू दिलं नसतं.

आकडेमोड
२०१३ पूर्ण करण्यासाठी: त्याच महिन्यात पुढे थर्ल्सला कॉर्कविरुद्ध त्याला रेड कार्ड मिळालं, काउंटीच्या करिअरमधलं पहिलंच, आणि किलकेनी बाहेर.

स्वाती_कॉर्क
तो दिवस मात्र आमच्या गल्लीत अजून साजरा होतो. :)

गिल्लीमास्तर
लिफीकाठचा, पुढच्या वेळी भारतात येताना एक हर्ली आणि दोन स्लिटर घेऊन ये. शाळेच्या मैदानावर पोरांना देऊन बघतो. कुंपण आमच्याकडे नाहीच, उसाचा फड आहे, बॉल गेला की गेला.

लिफीकाठचा
आणतो मास्तर. पण एअरलाइनवाल्यांना हे शस्त्र नाही असं पटवायचं काम तुमचं.